घरखर्चाची वही : रस्सा कुणाच्या ताटात, फोडी कुणाच्या?



एका रविवारी आमचा पुतण्या घरी आला. हिंजवडीला एका कंपनीत आहे, रविवारी जेवायला आमच्याकडे असतो. येताना त्याने एक थंडगार पाकीट आणले. म्हणाला, "काका, आज मटण आणू नका. हा किमा आहे, पण मटणाचा नाही. वनस्पतीचा आहे. हल्ली सगळे हेच खातात."

सगळे म्हणजे कोण, ते मी विचारले नाही. पाकीट हातात घेऊन आधी किंमत बघितली. कारकुनाची सवय आहे ती. पाव किलो, ३५० रुपये. म्हणजे किलोला चौदाशे. आमच्या बाजारात त्या दिवशी मटण आठशे रुपये होते. मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिले होते, सोयाबीनचे प्रथिन, वाटाण्याचे प्रथिन, खोबरेल तेल, बिटाचा रंग, चवीचे पदार्थ.

सोयाबीन वाचले आणि मी पुतण्याकडे बघितले. याचे वडील, म्हणजे माझे थोरले भाऊ, लातूर जिल्ह्यात दोन एकरांत सोयाबीन काढतात. २०२४ च्या हंगामात सरकारने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर केला होता. भावाला बाजारात मिळाले ४,१००. म्हणजे किलोला एकेचाळीस रुपये. बापाने एकेचाळीस रुपये किलोने विकले, मुलाने चौदाशे रुपये किलोने विकत घेतले. मी हे बोललो तेव्हा पुतण्या हसला, पण जरा ओशाळलाच.

आईचे म्हणणे वेगळेच. "सोयाबीनच हाय तर सोयाबीन म्हणूनच खावं की. मटणाचं सोंग कशाला?"

खोटे कशाला बोलू, किमा चवीला चांगला झाला. मुलांनी बोटे चाटली. पण त्या पाकिटाने माझ्या डोक्यात हिशेब सुरू केला, आणि तो हिशेब शेवटी माझ्याच अंगावर आला. तेच आज सांगायचे आहे.

आधी हे नकली मटण काय आहे ते थोडक्यात सांगतो. सोयाबीन गिरणीत गेले की त्याचे तेल काढून घेतात. शंभर किलोला साधारण अठरा किलो तेल निघते. उरते ती पेंड. या पेंडेच्या स्वच्छ पिठात पाणी घालून ते उष्णतेखाली आणि दाबाखाली यंत्रातून काढले की बाहेर येताना फुलते आणि त्याला मांसासारखे धागे सुटतात. त्या झाल्या आपल्या सोयाबीनच्या वड्या. किराणा दुकानात पोत्यात असतात त्याच. नवीन पाकिटांमागे याच जातीची विद्या आहे. त्यात रंग, वास, तेल आणि बर्फात ठेवण्याचा खर्च वाढला एवढेच. अमेरिकेत तर एका कंपनीने रक्तासारखा लाल रंग आणि चव यावी म्हणून सोयाबीनच्या मुळातले एक द्रव्य प्रयोगशाळेत तयार करून त्यात घातले. तिथलीच दुसरी एक कंपनी, बियाँड मीट, २०१९ साली शेअर बाजारात उतरली. पंचवीस डॉलरचा शेअर तीन महिन्यांच्या आत दोनशेच्या वर गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तोच शेअर एका डॉलरच्याही खाली आला. लोकांनी एकदा चाखले, किंमत बघितली, आणि बरेच जण पुन्हा खऱ्या मटणाकडे गेले. आपल्याकडेही २०२१ च्या सुमारास रितेश आणि जेनेलिया देशमुख यांनी असा धंदा काढला. रितेश देशमुखांचे घराणेही आमच्या लातूरचेच.

आणि गंमत म्हणजे नकली मटण ही काही अमेरिकेची अक्कल नव्हे. चीनमधल्या बौद्ध विहारांतल्या स्वयंपाकघरात गव्हाच्या चिकापासून आणि सोयाबीनपासून मांसासारखे पदार्थ कित्येक शतकांपूर्वीच होत होते.

मात्र बौद्ध आहोत म्हणून मांस सोडलेच पाहिजे, असे जे अधूनमधून कानावर येते, त्यात मला तथ्य दिसत नाही. संघात सर्वांना मांसबंदी करावी ही मागणी देवदत्ताने केली होती आणि भगवान बुद्धांनी ती मान्य केली नव्हती. बाबासाहेबांनीही "बुद्ध आणि त्याचा धम्म" या ग्रंथात गरज म्हणून मारणे आणि मारण्याची इच्छा म्हणून मारणे यांत भेद केला आहे. ज्याला सोडायचे त्याने खुशाल सोडावे. आपल्या घरात प्रश्न धर्माचा कमी आणि पैशाचा जास्त आहे.

आता वही उघडू. वस्तूचा भाव किलोवर बघितला तर फसगत होते, कारण किलोत हाडे असतात, पाणी असते. म्हणून मी दहा ग्रॅम प्रथिनाला किती रुपये पडतात ते मांडले. भाव आमच्या बाजारातले आहेत, तुमच्याकडे थोडे पुढेमागे असतील. पुतण्याच्या पाकिटावर शंभर ग्रॅमला पंधरा ग्रॅम प्रथिन लिहिले होते, तेव्हा त्याचे दहा ग्रॅम पडले ९३ रुपयांना. मटणाचे, हाडे वजा करून, ५३ रुपयांना. कोंबडी २४० रुपये किलो धरली तर १७ रुपये. अंडे सात रुपयांचे, त्यात सहा ग्रॅम, म्हणजे दहा ग्रॅमला बारा रुपये. कोंबडीची कलेजी-पोटा आमच्याकडे १४० रुपये किलो मिळते. हाड नाही, त्यामुळे आठ रुपये. तूरडाळ १३० रुपये किलोची, तिचे सहा रुपये. आणि सुट्या सोयाबीन वड्या १४० रुपये किलो. कोरड्या वडीत निम्म्याहून जास्त प्रथिनच असते, म्हणून दहा ग्रॅमला पावणेतीन रुपये.

हा आकडा बघून मला फार आनंद झाला होता. मुलीच्या क्लासची फी भरायची होती. मी घरात फर्मान काढले, महिन्यातले तीन रविवार सोयाबीन, एक रविवार मटण. जे वाचले ते वहीत लाल शाईने लिहिले. विहारात महिला मंडळाच्या बैठकीत या बचतीवर भाषणसुद्धा दिले.

दोन-अडीच महिन्यांनी पत्नीला चक्कर आली. दवाखान्यात रक्त तपासले, हिमोग्लोबिन ८.४. बाईमाणसाचे बारा तरी हवे. तिथल्या नर्सबाईंनी विचारले, "घरात मटण-मच्छी खाता ना?" मी पुढे होऊन म्हणालो, "खातो की." त्या माझ्याकडे न बघता पत्नीला म्हणाल्या, "तुम्ही किती फोडी खाता?" पत्नी हसली आणि म्हणाली, "मला रस्साच आवडतो."

हे वाक्य मी लग्नापासून ऐकत आलो आहे. सोळा वर्षे झाली. मला ते खरेच वाटत होते.

पुढच्या मटणाच्या रविवारी मी मुद्दाम बघत बसलो. अर्धा किलो मटणाच्या अठरा फोडी झाल्या. माझ्या ताटात पाच, मुलाच्या पाच, पुतण्या पाहुणा म्हणून पाच. मुलीला दोन. आईला एक, तीही तिने "दातानं तुटत न्हाई" म्हणून नातवाच्या ताटात टाकली. पत्नी शेवटी बसली. तिच्या ताटात रस्सा, भाकरी आणि एक नळी. आणि माझ्या लक्षात आले की सोयाबीनच्या रविवारीही मुलाने तोंड वाकडे केले म्हणून पत्नी त्याच्यासाठी आणि माझ्यासाठी पाव किलो चिकन वेगळे करत होती. म्हणजे माझी सगळी बचत तीन बायकांच्या ताटातून होत होती. वहीत रुपये लिहिलेले होते, ताटे लिहिलेली नव्हती.

पण खरा धक्का पुढे बसला. मी मुलीला म्हटले, "तू आणखी घे गं." नववीतली पोरगी. ती म्हणाली, "नको पप्पा, मला रस्साच आवडतो."

देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांत ५७ जणींना रक्तक्षय आहे आणि पुरुषांत पंचवीस जणांना, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात निघाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम आणि बाईला २९ मिलिग्रॅम लोह सांगितले आहे. गरज बाईची दीडपट आणि फोडी पुरुषाला पाचपट, असा आमचा हिशेब चालला होता. आणि मी बी.कॉम. झालेला माणूस!

सोयाबीन वाईट आहे असा याचा अर्थ कुणी काढू नये. प्रथिनासाठी वडीसारखी स्वस्त वस्तू नाही. पण वडीतले लोह अंगाला कमी लागते, मांसातले जास्त लागते. आणि ब-१२ हे जीवनसत्त्व वडीत मुळातच नसते. ते मांस, मासे, अंडी, दूध यांतूनच येते, नाहीतर वरून घालावे लागते. म्हणून वडी मटणाचे काम अर्धेच करते. उरलेले अर्धे काम कुणाकडून करून घ्यायचे, हे ठरवल्याशिवाय मटण बंद करू नये.

आमच्या आईच्या माहेरी, उदगीरकडे, हे काम मोठ्याचे मांस करत असे. मेलेल्या जनावराचे मांस महाडच्या १९२७ च्या हाकेनंतर आमच्या वाडवडिलांनी सोडले, पण बाजारातले ताजे मोठ्याचे घरात येत होते. मटणाच्या मानाने पुष्कळ स्वस्त, त्यामुळे फोडी मोजाव्या लागत नसत. २०१५ च्या मार्चपासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली आणि ते ताटातून गेले. त्या जागी काय आले, हे कायदा करणाऱ्यांनी विचारले नाही. शाळेतल्या पोरांना आठवड्याला एक अंडे देण्याचे २०२३ च्या शेवटी ठरले, तर जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी बंद केला आणि लोकवर्गणीतून अंडी द्या म्हणाले. सात रुपयांच्या अंड्याला वर्गणी!

तर आता आमच्या घरी असे चालते. पत्नीला दवाखान्याच्या लोहाच्या गोळ्या सुरू आहेत. ८.४ नुसत्या जेवणाने भरून निघत नाही, गोळ्या घ्याव्याच लागतात. आठवड्यातून एकदा कोंबडीची कलेजी-पोटा आणतो. लोह आणि ब-१२ दोन्ही त्यात भरपूर, आणि भाव मटणाच्या पाचव्या हिश्शाहून कमी. आपल्याकडे पाहुण्यापुढे कलेजी-पोटा ठेवायला लाजतात, ते सोडा. फक्त घरात कुणी गरोदर असेल तर तिला कलेजी देण्याआधी डॉक्टरांना विचारावे. वाळलेले बोंबील, सुकट हेही बाजारात बघावे, थोड्याशा पैशात कालवण होते.

सोयाबीनचा चुरा आता किम्यात मिसळतो. पाव किलो किमा आणि पाऊण छटाक नव्हे, नीट मोजून ७५ ग्रॅम कोरडा चुरा. चुरा मीठ घालून उकळायचा, दोन पाण्यांतून धुऊन घट्ट पिळायचा, म्हणजे उग्र वास जातो. मग येसर आणि कांदा-लसणात किम्याबरोबर परतायचा. फुगून तो किम्याएवढाच होतो. दोनशे दहा रुपयांत सहा जणांचे भांडे भरते, आणि कोणती कण कशाची ते पोरांना ओळखता येत नाही. वरून लिंबू पिळावे, लोह अंगाला लागते. जेवल्याबरोबर चहा मात्र घेऊ नये, तो लोह अडवतो. ही सवय आमच्याकडे अजून सुटलेली नाही, आणि दोषी मीच आहे.

पुतण्याला सांगितले की त्या ३५० रुपयांच्या पाकिटाऐवजी येताना दोन डझन अंडी आणत जा, वर पैसे उरतील. तो आणतो.

गेल्या रविवारी मटण होते. वाढायला मी बसलो. पत्नी म्हणाली, "तुम्हाला जमायचं नाही." सहा ताटे एकदम मांडली, अठरा फोडी, प्रत्येकाला तीन. मुलाने आपल्या तीन फोडींकडे बघितले, मग माझ्या ताटातल्या मोजल्या आणि गप्प बसला. आईने सवयीप्रमाणे आपली एक फोड उचलून नातवाच्या ताटात ठेवली. त्याने ती पुन्हा आजीच्या ताटात टाकली, आणि शिजली आहे की नाही ते बघायला बोटाने दाबली.