सहलीच्या नकाशातून उठलेली गावे

मराठीच्या विद्यार्थ्याची स्कॉटलंडशी पहिली ओळख होते ती ऐतिहासिक कादंबरीवरच्या प्रश्नोत्तरात. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ची, त्यानंतर ह. ना. आपटे, आणि आपट्यांचे नाव आले की पाठोपाठ सर वॉल्टर स्कॉटच्या प्रभावाचे वाक्य. हे वाक्य पाठ असणारे पुष्कळ, स्कॉटची एखादी कादंबरी शेवटपर्यंत वाचलेले फार थोडे. प्रस्तुत लेखकही बरीच वर्षे पहिल्या वर्गातच मोडत होता. तेव्हा ताईच्या कुटुंबाबरोबर उत्तर स्कॉटलंडमध्ये आठवडाभर हिंडण्याचा योग आला, त्यावेळी डोक्यात होते ते चित्र अर्थातच उसने होते: धुके, सरोवरे, निर्मनुष्य दऱ्या आणि कड्यावरचा एखादा किल्ला.

मुले बरोबर असली की सहलीचा आराखडा मोठ्यांच्या हाती राहत नाही. इन्व्हर्नेसच्या मुक्कामी माहितीपत्रकांचा एक ढीगच टेबलावर येऊन पडला. किल्ले, शिकारी पक्ष्यांचे खेळ, वाफेच्या इंजिनाची गाडी, होडीतून डॉल्फिन पाहणे. प्रत्येकावर कुटुंबासाठी उत्तम असल्याची ग्वाही. या ढिगातून आमच्या नऊ वर्षांच्या भाचीने डनरॉबिनचा किल्ला निवडला. त्याच रस्त्यावर पुढे बॅडबे नावाचे एक उठलेले गाव आहे. त्याचे पत्रक ढिगात नव्हते. ते नाव मी हट्टाने यादीत घातले आणि भावोजींनी ‘मुलांना तिथे काय?’ असे विचारले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे जरा लांबलेले उत्तर आहे. माझे म्हणणे एवढेच की, मुलांना घेऊन उत्तरेच्या या किनाऱ्यावर जाणाऱ्याने डनरॉबिन पाहावे आणि बॅडबेही पाहावे. आणि दोहोंपैकी एकच जमणार असेल तर किल्ला सोडावा.

किल्ल्याची निंदा करण्याचा हेतू नाही. डनरॉबिन खरोखर देखणा आहे. १८४५ नंतर सर चार्ल्स बॅरी या वास्तुविशारदाने, म्हणजे लंडनच्या संसदभवनाच्याच शिल्पकाराने, जुन्या गढीला हे फ्रेंच वळणाचे, निमुळत्या मनोऱ्यांचे रूप दिले. १८९ खोल्या, खाली समुद्राकडे उतरत जाणारी आखीव बाग, आणि रेल्वेचे स्वतःचे छोटे स्थानकसुद्धा. आत घराण्यातील मुलांची खोली आणि जुनी खेळणी मांडून ठेवली आहेत. बागेत ससाणा आणि घुबड उडवून दाखवतात. घुबड डोक्यावरून गेले तेव्हा भाची श्वास रोखून बसली होती. आणि खरे सांगायचे तर तिचा मामाही. बागेतल्या एका जुन्या इमारतीत घराण्याने जगभरातून मारून आणलेल्या प्राण्यांची मुंडकी भिंतभर लावली आहेत. ती पाहून मात्र मुले लवकर बाहेर आली.

बाहेर आल्यावर वर पाहिले की बेन ब्रॅगी नावाच्या टेकडीवर एक प्रचंड पुतळा दिसतो. सदरलंडच्या पहिल्या ड्यूकचा हा पुतळा १८३७चा. मैलोगणती तो नजरेआड होत नाही. तो पाडावा अशी मागणीही अधूनमधून होत आली आहे. माहितीपत्रकात किल्ला ज्या ऐटीत येतो, त्या ऐटीत ही मागणी अर्थातच येत नाही.

या मागणीचे कारण सांगायचे तर १८१४ या सालाकडे जावे लागते. त्या वर्षाच्या जुलैत स्कॉटची ‘वेव्हर्ली’ प्रसिद्ध झाली. हायलंडमधील कुळांचे शौर्य, त्यांची निष्ठा, त्यांचा पराभव यांना तिने कादंबरीत अजरामर केले. साठ वर्षांपूर्वीची गोष्ट असे तिचे उपशीर्षकच सांगते. आणि त्याच उन्हाळ्यात सदरलंड जहागिरीचा कारभारी पॅट्रिक सेलर हा स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यातील कुळांना घरांतून बाहेर काढत होता. चेव्हियट जातीच्या मेंढ्यांसाठी जमीन मोकळी करून हवी होती आणि त्या जमिनीचा खंडकरी सेलर स्वतःच होणार होता. लोकांनी परत येऊन राहू नये म्हणून घरांची छपरे पाडली, जाळली. एका अतिवृद्ध स्त्रीच्या मृत्यूस कारण झाल्याच्या आरोपावरून १८१६ मध्ये इन्व्हर्नेसला सेलरवर खटला चालला. तो निर्दोष सुटला. म्हणजे कागदावर हायलंडचा माणूस जिवंत होत होता त्याच हंगामात तो जमिनीवरून उठवला जात होता. स्कॉटने हे घडवले असे कोणीच म्हणणार नाही. परंतु पुढे त्याचेच वाचक ते रिकामे खोरे पाहायला गेले आणि रिकामेपण हाच निसर्ग आहे असे समजून परतले, हे मात्र म्हणावे लागते. माझ्या डोक्यातल्या उसन्या चित्रातील ‘निर्मनुष्य’ हे विशेषण कुठून आले होते, ते मला गोल्स्पीच्या वाहनतळावर उभे असताना प्रथम कळले.

साहित्याच्या अभ्यासकाने थांबावे असा खरा प्रसंग पुढचा आहे. ‘अंकल टॉम्स केबिन’ने (१८५२) जगभर कीर्ती मिळवलेली हॅरिएट बीचर स्टो १८५३ मध्ये ब्रिटनला आली. सदरलंडच्या तत्कालीन डचेसने तिचे लंडनच्या आपल्या प्रासादात स्वागत केले. ही डचेस म्हणजे त्या पहिल्या ड्यूकची सून. अमेरिकेतील गुलामगिरीविरुद्ध ब्रिटिश स्त्रियांचे जे निवेदन निघाले त्यात ती अग्रभागी होती. कार्ल मार्क्सने त्याच वर्षी एका अमेरिकन वृत्तपत्रात तिच्या या कळवळ्यावर कडक लेख लिहिला, तो या घराण्याच्या जमिनींचा हिशेब मांडूनच. स्टोबाईंचे प्रवासवर्णन १८५४ मध्ये ‘सनी मेमरीज ऑफ फॉरिन लँड्स’ या नावाने आले. त्यात त्यांनी सदरलंडमधील हकालपट्टीच्या कथा म्हणजे बदनामी आहे असे ठरवून टाकले. आधार कोणता? तर त्या जहागिरीचा प्रशासक जेम्स लॉक याने दिलेली माहिती.

याला उत्तर दिले ते डोनाल्ड मॅक्लाउड नावाच्या एका गवंड्याने. स्ट्रॅथनेव्हरमधील रोसल हे त्याचे गाव. घरे जळताना त्याने पाहिली होती, १८४०-४१मध्ये एडिनबरोच्या वृत्तपत्रात त्याविषयी पत्रे लिहिली होती, आणि अखेर तो कॅनडात जाऊन राहिला होता. तेथून १८५७ मध्ये त्याने आपले पुस्तक नव्याने काढले आणि स्टोबाईंच्या शीर्षकाची फिरवाफिरव करून त्याचे नाव ठेवले ‘ग्लूमी मेमरीज’. एकीच्या आठवणी उन्हातल्या, दुसऱ्याच्या काळवंडलेल्या. गुलामाच्या झोपडीतले दुःख जिला दिसले तिला यजमानाच्या जहागिरीतील झोपडी का दिसू नये? तिची सहानुभूती खोटी होती असे मला वाटत नाही. ती पाहुणी होती आणि पाहुण्याला घरमालक जे दाखवतो ते दिसते, एवढेच. पर्यटक नावाच्या प्राण्याची सगळी अडचण या एका प्रकरणात सापडते. प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना आपण लेखकाची निरीक्षणशक्ती, भाषाशैली, विनोद असे ठरीव मुद्दे देतो. ‘या लेखकाला हे कोणी दाखवले?’ हा मुद्दा देत नाही. तो द्यायला हवा.

डनरॉबिनपासून उत्तरेला जेमतेम २८ किलोमीटरवर हेल्म्सडेल लागते. उठवलेल्या कुळांना किनाऱ्यावर वसवण्यासाठी जहागिरीने आखलेले हे गाव. नेहमी मासेमारीला न गेलेल्या माणसांनी आता मासेमारी करावी, अशी ती योजना होती. गावाच्या कडेला २००७ मध्ये उभारलेला, जेराल्ड लेंग या शिल्पकाराचा ब्राँझचा पुतळा आहे. पुतळा एका कुटुंबाचा. बाप समुद्राकडे पाहतो आहे, मुलगा बापाकडे, आणि कडेवर तान्हे घेतलेली आई मागे वळून खोऱ्याकडे. किल्डोननच्या त्या खोऱ्यातून १८१३ मध्ये माणसे थेट कॅनडाच्या रेड रिव्हरकडे गेली. कुटुंबासाठीचे प्रेक्षणीय स्थळ असे कशाला म्हणावे याची माझी व्याख्या या पुतळ्यापाशी येऊन थांबते. भाची बराच वेळ त्या मुलाच्याच बाजूला उभी होती.

तेथून आणखी आठ-नऊ किलोमीटरवर बॅडबे. रस्त्याकडेला गाडी लावायची आणि पायवाटेने समुद्राच्या दिशेने चालायचे. तिकीट नाही, उपाहारगृह नाही, काही माहितीफलक तेवढे आहेत. गवतात दगडी जोती आणि अर्ध्यामुर्ध्या भिंती. पुढे जमीन संपते आणि सरळ कडा खाली समुद्रात उतरतो. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून आसपासच्या खोऱ्यांतून हुसकावलेली कुटुंबे या उतारावर येऊन राहिली. दगड वेचून त्यांनीच घरे बांधली. वारा एवढा की गुरांना आणि मुलांना दाव्याने बांधून ठेवावे लागे, नाहीतर ती कड्यावरून खाली जात. भाचीने फलकावरचे हे वाचले, मग पुन्हा वाचले. “मामा, गुरांसारखे? त्याच दोराने?” मला उत्तर देता आले नाही. दोर कसला होता हे फलकावर लिहिलेले नव्हते.

तेथे एक स्मारक आहे. न्यूझीलंडला गेलेल्या एका रहिवाशाच्या मुलाने ते १९११ मध्ये उभारले. शेवटचा रहिवासीही त्याच सुमारास गेला. दगडावर नावे कोरली आहेत आणि त्यांत सदरलंड हे आडनाव पुन्हापुन्हा येते. तेव्हा दुसरा प्रश्न आला, “मग किल्ला यांचाच ना?” इतिहासाच्या पदवीधरालाही हा प्रश्न सुचला असता तर मला आनंद झाला असता.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. बॅडबेतील बहुतेक कुटुंबे सदरलंडच्या जहागिरीतली नव्हती. लँगवेलच्या जमिनीवर मेंढ्या आणून त्यांना हटवले ते सर जॉन सिंक्लेअर यांनी. स्कॉटलंडच्या गावोगावची माहिती गोळा करून एकवीस खंडांचा ‘स्टॅटिस्टिकल अकाउंट’ संपादित करणारे, ‘स्टॅटिस्टिक्स’ हा शब्द इंग्रजीत रुजवणारे, ते हेच गृहस्थ. शेती सुधारावी ही त्यांची तळमळ खरी होती. गावे मोजणारा आणि गावे उठवणारा माणूस एकच असू शकतो, हे एकदा ध्यानात आले की खलनायक शोधण्याची घाई जरा कमी होते. नील गन या कादंबरीकाराने, जो याच किनाऱ्यावरील डनबीथचा, दोन्ही बाजू लिहिल्या: ‘बुचर्स ब्रूम’मध्ये (१९३४) हकालपट्टी, आणि ‘सिल्व्हर डार्लिंग्ज’मध्ये (१९४१) त्याच माणसांनी हेरिंग माशाच्या बळावर पुन्हा उभे केलेले जीवन. माझ्या मते दुसरी कादंबरी अधिक मोठी आहे, कारण तिच्यात उठवलेली माणसे नुसती रडत नाहीत.

आता भावोजींचा आक्षेप. सुट्टी म्हणजे शाळा नव्हे, मुलांना दुःख कशाला दाखवायचे? आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दर मुक्कामी व्याख्यान देणारा मामा कोणत्याच भाचीच्या वाट्याला येऊ नये. परंतु सकाळी तिच्यादेखत ससाण्याने मांसाचा तुकडा टराटर फाडला होता, भिंतीवर मुंडकी टांगलेली होती, आणि हे सारे कुटुंबस्नेही ठरलेले होते. हिंसा मुलांना दाखवू नये असा नियम मुळात कोणी पाळतच नाही. कोणाची हिंसा दाखवायची हे फक्त ठरलेले असते. दुसरे असे की दुःखाचेही प्रदर्शन होऊ शकते, ही भीती रास्त आहे. बॅडबेला ती तूर्त लागू नाही, कारण तेथे विकायला काहीच ठेवलेले नाही. कोणी उद्या तेथे मुलांना दाव्याला बांधून छायाचित्र काढण्याची सोय केली, तर मी हा लेख मागे घेईन.

जाणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो. सकाळी आधी बॅडबे करावे, मग हेल्म्सडेलला जेवण, आणि दुपारचा पक्ष्यांचा खेळ गाठायला डनरॉबिन. आम्ही उलट क्रमाने केले, ते चुकले. आधी किल्ला पाहिला की नंतरची जोती मुलांना निव्वळ दगड वाटतात आणि समजावून सांगण्यात वेळ जातो. मुले मोठी असतील आणि एक दिवस अधिक असेल तर स्ट्रॅथनेव्हरला, मॅक्लाउडच्या रोसललाही जावे. बॅडबेच्या वाटेवर चांगले बूट हवेत. उन्हाळ्यातही वारा असतो; लहान मुलांचा हात धरूनच चालावे लागते.