भाड्याची खोली आणि चार जोड्या

गेल्या रविवारी दुपारी टीव्हीवर 'अशी ही बनवाबनवी' लागला आणि आमच्या घरातली कामे जागच्या जागी थांबली. सौ. पोळ्यांची कणीक तशीच झाकून बाहेर आल्या, मुलीने पुस्तक मिटले. हा चित्रपट आम्ही कितव्यांदा पाहिला याचा हिशेब बी.कॉम. असूनही आम्ही ठेवलेला नाही.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा आम्ही शाळेत होतो आणि नंदुरबार धुळे जिल्ह्यातच होते. (आपला जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी.) जयंतीच्या दिवसांत वस्तीत वर्गणी काढून व्हिडिओ आणला होता. समाजमंदिरासमोर सतरंज्यांवर बसलेली लहानथोर मंडळी पोट धरून हसत होती. घरमालक भाडेकरूंना बाहेर काढतो, त्या प्रसंगाला मात्र आमचे वडील हसले नाहीत. का, ते आम्हाला पुढे नोकरी लागल्यावर कळले.

चित्रपट १९८८ सालचा, दिग्दर्शन सचिनचे, लेखन वसंत सबनीसांचे, म्हणजे 'विच्छा माझी पुरी करा'वाल्यांचे. कल्पना मात्र हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'वरून घेतलेली. पुण्यात चार मित्रांना खोली मिळत नाही, मालकीणबाईंना बिऱ्हाड हवे जोडप्यांचेच. मग दोघे साड्या नेसतात आणि पुढची धमाल सुरू होते.

हल्लीच्या प्रेमाच्या चित्रपटांत नायकाला घरभाड्याची काळजी असलेली आम्ही फारशी पाहिली नाही. इथे मात्र आधी डोक्यावर छप्पर, मग प्रेम. अशोक सराफांचा धनंजय माने दुकानात नोकरी करतो आणि अश्विनी भावेंची माधुरी त्याची मालकीण असते. ही बाई कुणी येऊन उद्धार करील म्हणून वाट पाहत बसलेली नाही, धंदा सांभाळते आहे. शिवाय माने हे आडनाव अनेक समाजांत आढळते, त्यामुळे ज्याला त्याला तो आपल्यातलाच वाटतो. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ साली गेले, पण त्यांची पार्वती वहिनी पडद्यावर आली की आमची मुलगी अजून लोळते. तिची एक तक्रार मात्र आम्हाला पटते. "पप्पा, एवढं फसवल्यावर या मुली इतक्या लवकर माफ कशा करतात?"

आता वडिलांच्या न हसण्याविषयी. वीस वर्षांपूर्वी आमची बदली एका तालुक्याच्या गावी झाली. खोली पसंत पडली, आगाऊ भाडे मोजून झाले आणि मालकांनी पूर्ण नाव विचारले. ते सांगताच त्यांच्याकडे अचानक पाहुणे येणार असल्याचे कळले. कचेरीतल्या एका सहकाऱ्याने सल्ला दिला, "साहेब, आडनाव सांगूच नका, वडिलांच्या नावावर थांबा." पुढच्या घरी आम्ही तसेच केले. खोली मिळाली. बाबासाहेबांची तसबीर ट्रंकेत राहिली.

१९१७ साली बडोद्याच्या नोकरीवर गेलेल्या बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेत पारशी नाव लिहून राहावे लागले होते आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना तिथून बाहेर काढले, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. आम्ही ते वाचलेले होते, आणि तरीही ट्रंकेचे झाकण लावले होते. दोन महिन्यांनी सौ. नांदायला आल्या. सामान लावताना त्यांनी तसबीर काढली आणि खिळा मागितला. "अहो, खोली गेली तर जाऊ द्या." खोली गेलीच. महिनाअखेरीस आम्ही हातगाडीवर सामान लादून दुसरीकडे गेलो.

'बनवाबनवी'त सोंग उघडे पडते आणि तरीही सगळे गोड होते, चारही जोड्या जमतात. आम्ही तो शेवट दर वेळी डोळे भरून पाहतो. आमच्या वाट्याला तो आला नव्हता.

आमचा भाचा यंदा शिकायला पुण्याला गेला आहे. पंधरा दिवस खोली शोधत होता. तीन ठिकाणी आडनाव विचारले म्हणाला. रविवारी चित्रपट संपता संपता त्याचा फोन आला, "मामा, मिळाली एकदाची! तिसरा मजला, नळाला पाणी सकाळी सहा ते सात." सौ.नी फोन ओढून घेतला आणि पहिला प्रश्न विचारला तो तसबिरीचा.

"लावली मामी, मालकांकडूनच हातोडी घेतली."