खिडकीचे झाकण उघडे ठेवा

विमानात खिडकीजवळची जागा मिळावी आणि प्रवासभर खिडकीचे झाकण खाली ओढलेले राहावे, यासारखा अपव्यय दुसरा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी काही जण विमानात बसले असतील, बरेच जण अजून बसायचे असतील. दोघांसाठीही हा लेख आहे. तुमच्या शिक्षकांनीही तो वाचावा, कारण मधल्या एका परिच्छेदात त्यांच्याशी थोडे भांडण आहे.

मला लहानपणापासून विमानांचा नाद आहे. आकाशात आवाज झाला की वर्गात शिकवतानाही माझी मान वळते, हे माझ्या विद्यार्थ्यांना चांगले ठाऊक आहे. अलीकडे सिंगापूरहून क्वालालंपूरला जाण्याचा योग आला. दोन देशांच्या दोन मोठ्या शहरांमधले हे अंतर हवाई मार्गाने जेमतेम ३०० किलोमीटर आहे. वेळापत्रकात तासाभराचा प्रवास; प्रत्यक्ष हवेत पाऊण तासाच्या आसपास. एवढ्याशा उड्डाणात काय पाहायचे, असे कोणी म्हणेल. परंतु पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने छोटे उड्डाण हे मोठ्या उड्डाणापेक्षा सरस असते. लांबच्या प्रवासात मधले कित्येक तास काहीच घडत नाही. येथे मात्र विमान सतत एक तर चढत असते, नाही तर उतरत असते.

माझे तिकीट इकॉनॉमी वर्गाचे होते. गुडघे पुढच्या खुर्चीला टेकतात, कोपर ठेवायला शेजाऱ्याशी अबोल तह करावा लागतो. पण खिडकी तेवढीच मोठी असते. मी डावीकडची जागा मागून घेतली. कारण साधे आहे. विमान वायव्येकडे जाणार आणि वेळ सकाळची. म्हणजे सूर्य उजव्या अंगाला, डोळ्यांवर ऊन नाही. डाव्या अंगाला मलाक्काची सामुद्रधुनी, आणि ढगांवर पडणारी विमानाची सावलीही त्याच बाजूला. जागा निवडण्यापूर्वी नकाशा पाहणे आणि सूर्य कोठे असेल याचा विचार करणे, एवढ्यानेच निम्मे काम होते.

माझ्याजवळ साधने होती ती अशी : हातभर दोरा, त्याला बांधलेली एक अंगठी, प्लॅस्टिकचा कोनमापक, मनगटी घड्याळ आणि पाण्याची रिकामी बाटली. विमान धावपट्टीवर धावू लागले की दोऱ्याची अंगठी मागे झुकते. किती झुकते ते कोनमापकावर वाचायचे. मला तेरा अंश मिळाले. त्रिकोणमिती शिकलेल्यांना पुढचे कळेल : त्वरण भागिले गुरुत्वत्वरण बरोबर त्या कोनाची टॅन. टॅन १३ अंश म्हणजे ०.२३, त्याला ९.८ ने गुणले की सुमारे २.२६ मीटर प्रति सेकंद वर्ग. धाव सुरू झाल्यापासून नाक उचलेपर्यंत घड्याळात ३३ सेकंद गेले. तेव्हा वेग झाला सेकंदाला सुमारे ७५ मीटर, म्हणजे ताशी २७० किलोमीटर, आणि कापलेले अंतर सव्वा किलोमीटरच्या आसपास. (त्वरण सर्व वेळ सारखे नसते, हे खरे; पण पहिल्या अंदाजाला चालते.) चांगी विमानतळाची धावपट्टी ४,००० मीटर लांब आहे. उरलेली पावणेतीन किलोमीटर धावपट्टी वाया गेली असे समजू नका. मध्येच एखादे इंजिन बंद पडले तर थांबायला, आणि याहून कितीतरी जड विमानांना धावायला ती लागते. एक काळजी घ्या. नाक उचलल्यावर कोन वाचू नका. तेव्हा विमानाची जमीनच तिरपी झालेली असते आणि उत्तर फसवे येते.

आता ते भांडण. विमान हवेत का राहते, याचे एक उत्तर अजून पुष्कळ वर्गांत सांगितले जाते. पंखाची वरची बाजू फुगीर, म्हणून वरच्या हवेला जास्त अंतर जावे लागते. खालच्या हवेला मागच्या कडेशी एकाच वेळी गाठायचे म्हणून ती वेगाने धावते. वेग वाढला की दाब कमी होतो. म्हणून पंख वर उचलला जातो. यातले वेग आणि दाब यांचे नाते बरोबर आहे. पण हवेच्या दोन कणांनी पंखाच्या पुढच्या कडेला निरोप घेताना मागच्या कडेला एकाच वेळी भेटण्याचे वचन दिलेले नसते! प्रयोगात असे दिसते की वरची हवा आधीच पोचते, खालची मागे राहते. शिवाय हे उत्तर खरे धरले, तर विमानाला उलटे होऊन उडताच येऊ नये. आणि कसरतीची विमाने तर उलटी उडतात. पंखाजवळच्या खिडकीत बसा म्हणजे सोपे उत्तर डोळ्यांसमोर येते. उड्डाणापूर्वी पंखाच्या मागच्या कडेच्या पट्ट्या बाहेर सरकतात आणि खाली वाकतात. पंख हवेला खाली वळवतो, आणि खाली ढकललेली हवा पंखाला वर ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम. साठ टनांचे विमान तोलायचे तर तेवढ्या बळाने हवा सतत खाली लोटत राहावी लागते. वेग कमी असताना ती जास्त वळवावी लागते, म्हणून उतरताना त्या पट्ट्या आणखी खाली येतात. शिक्षकांना माझी विनंती अशी की ते एकाच वेळी भेटण्याचे प्रकरण फळ्यावरून एकदाचे पुसून टाकावे. मुले तेच उत्तर घेऊन महाविद्यालयात येतात आणि ते काढायला एक वर्ष जाते.

विषुववृत्ताजवळची हवा दमट असते, हाही एक लाभ. उतरताना पंखाच्या वर पांढऱ्या धुराचा पापुद्रा धावताना दिसला. शेजारचे गृहस्थ दचकले. तो धूर नव्हता. पंखावर दाब घटतो, हवा प्रसरण पावते, थंड होते आणि तिच्यातल्या वाफेचे बारीक थेंब बनतात. पंख पुढे गेला की ते पुन्हा विरून जातात. म्हणजे दाब कोठे कमी आहे हे निसर्गच रंगवून दाखवतो. याउलट, चाके जमिनीला लागताच पंखावरच्या काही फळ्या ताठ उभ्या राहतात. त्या पंखाचे उचलणे मोडून काढतात, म्हणजे सगळे वजन चाकांवर येते आणि ब्रेकला पकड मिळते.

मध्ये काही मिनिटे विमान साडेसात किलोमीटर उंचीवर होते. तेथून क्षितिज किती दूर? पृथ्वीची त्रिज्या ६,३७० किलोमीटर धरा. दुप्पट त्रिज्या गुणिले उंची, आणि त्याचे वर्गमूळ. उत्तर येते सुमारे ३०९ किलोमीटर. गंमत पाहा, हे तर दोन शहरांमधल्या अंतराएवढेच झाले! हवा काचेसारखी स्वच्छ असती तर निघालेले आणि पोचायचे अशी दोन्ही शहरे एकाच वेळी क्षितिजाच्या आत असती. प्रत्यक्षात तेथे धूसरपणा असतो आणि ढग असतात. त्या भागातले गडगडाटी मेघ पंधरा-सोळा किलोमीटरपर्यंत चढतात. विमान त्यांच्यावरून जात नाही, त्यांना वळसा घालते. खालच्या पांढऱ्या ढगांवर विमानाची सावली पळत होती आणि तिच्याभोवती रंगीत वलय होते. ढगातल्या बारीक थेंबांनी सूर्यप्रकाश मागे फेकल्याने ते होते. इंद्रधनुष्यापेक्षा ते फार लहान असते आणि त्याचे केंद्र तुम्ही जेथे बसलात तेथेच असते. पंखाच्या मागे बसलेल्याला वलयाचे केंद्र पंखाच्या मागे दिसेल. माझ्या रांगेपासून पुढे नजर टाकली तर बहुतेक खिडक्या बंद होत्या आणि माणसे लहान पडद्यांकडे पाहत होती.

येथपर्यंत कौतुक झाले. आता हिशेबाची दुसरी बाजू, जी विमानाच्या नादिष्ट माणसाला फारशी आवडत नाही.

साठ टनांचे विमान साडेसात किलोमीटर वर नेऊन सेकंदाला २०० मीटर वेगाने पळवायचे, तर स्थितिज आणि गतिज ऊर्जा मिळून सुमारे ५.६ अब्ज ज्यूल द्यावे लागतात. एक किलो विमान-इंधनातून ४.३ कोटी ज्यूल मिळतात. भागाकार केला तर १३० किलो. इंजिन त्यातले साधारण तीस टक्केच कामी लावते असे धरले तर चारशे किलोंच्या वर. या तीनशे किलोमीटरच्या प्रवासाला असे विमान ढोबळ मानाने १.८ टन इंधन घेते. म्हणजे चौथा हिस्सा नुसता उंची आणि वेग विकत घेण्यात गेला. उतरताना त्यातले थोडे परत मिळते, इंजिने जवळजवळ विश्रांती घेतात आणि विमान शंभरावर किलोमीटर घसरगुंडीसारखे खाली येते. पण तोवर प्रवासच संपलेला असतो! दोन हजार किलोमीटर जाणारे विमान हीच किंमत लांब पल्ल्यावर वाटून टाकते. म्हणून तेथे माणशी शंभर किलोमीटरला अडीच-तीन लिटर इंधन पुरते, आणि येथे, १४५ प्रवासी धरले तर, पाच लिटरच्या वर लागते. माझ्या वाट्याचे इंधन झाले साधारण बारा किलो. एक किलो इंधन जळून ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे माझ्या नावावर सुमारे ३९ किलो. याच रस्त्याला जाणारी भरलेली बस माणशी तीनेक लिटर डिझेलमध्ये पोचवते; वेळ मात्र पाच-सहा तास.

गुडघे आखडणाऱ्या खुर्चीची बाजू घ्यायची तर येथे घ्यावी. एकाच प्रकारच्या विमानात सगळ्या खुर्च्या इकॉनॉमीच्या ठेवल्या तर सुमारे १८० माणसे बसतात; पुढे मोठ्या खुर्च्यांचा वर्ग केला तर १५० च्या आसपास. इंधन मात्र जवळजवळ तेवढेच. पुढच्या रुंद खुर्चीवरचा मनुष्य माझ्या आधी पोचत नाही, पण हवेत माझ्यापेक्षा जास्त धूर सोडून जातो.

माझे मत विचाराल तर तीनशे-चारशे किलोमीटरसाठी, मध्ये समुद्र किंवा पर्वत नसेल तर, विमान हे योग्य वाहन नाही. या दोन शहरांमध्ये ३५० किलोमीटरची वेगवान रेल्वे बांधण्याचा करार दोन्ही देशांनी २०१६ मध्ये केला होता. ९० मिनिटांत प्रवास व्हायचा होता. २०२० च्या अखेरीस तो करार संपुष्टात आला. २०२३ मध्ये मलेशियाने खासगी कंपन्यांकडून नवे प्रस्ताव मागवले. दरम्यान, फेब्रुवारी २०१८ पर्यंतच्या एका वर्षात या मार्गावर तीस हजारांहून अधिक उड्डाणे झाली होती आणि आंतरराष्ट्रीय मार्गांत तो जगातला सर्वांत गजबजलेला ठरला होता. आपल्याकडे मुंबई ते अहमदाबाद ५०८ किलोमीटरच्या वेगवान रेल्वेची पायाभरणी २०१७ मध्ये झाली. तिच्या खर्चावर वाद घालणाऱ्यांनी घालावा, पण विमानाच्या चढणीचा हिशेबही शेजारी मांडावा. विमानाची खरी जागा लांब पल्ल्याची आहे, आणि तेथे त्याला आज तरी तोड नाही. नवी इंजिने जुन्यांपेक्षा पंधरा टक्के इंधन वाचवतात, त्याचे मी मनापासून कौतुक करतो. पण पंधरा टक्क्यांनी पाच लिटरचे तीन होत नाहीत.

बाटलीचे सांगायचे राहिले. विमान सर्वांत उंच असताना मी ती रिकामी बाटली उघडून घट्ट बंद केली. उतरल्यावर तिची अंगे आत चेपली होती. मुक्कामी गेल्यावर बादलीत पूर्ण बुडवून, तोंड खाली धरून तिचे झाकण उघडले. पाणी आत शिरले आणि बाटलीचा आकार पूर्ववत झाला. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ७५ मिलिलिटर पाणी भरले, म्हणजे हवा ४२५ मध्ये मावली. बॉइलच्या नियमाने विमानातला दाब जमिनीवरच्या दाबाच्या ०.८५ पट निघाला. हा दाब साधारण महाबळेश्वरचा. बाहेर साडेसात किलोमीटर उंची, आणि आत आपण महाबळेश्वरात बसलेलो!

तेव्हा ज्यांना विमानाचे तिकीट परवडत नाही त्यांनी खट्टू होऊ नये. महाबळेश्वरच्या बसस्थानकावर रिकामी बाटली घट्ट बंद करा, एस. टी. ने आंबेनळी घाटातून पोलादपूरला उतरा आणि तेथे ती पाण्याखाली उघडा. गाडी सुटताना दोऱ्याची अंगठी किती अंश मागे जाते तेही पाहा. विमानाइतकी जाणार नाही. खिडकीजवळ बसा. दोन्ही आकडे, तारीख आणि त्या दिवशीचे हवामान पोस्टकार्डावर लिहून संपादकांकडे पाठवा. कार्डावर शाळेचे नाव आणि इयत्ता सुवाच्य अक्षरात असावी.