अभिरुचीचा अनुशेष

प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये महाराष्ट्राच्या प्रादेशिक असमतोलाचा हिशेब मांडला. रस्ते, पाटबंधारे, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा क्षेत्रांतील राज्याचा एकूण अनुशेष तिने सुमारे ३,१८७ कोटी रुपये ठरविला आणि त्यात मराठवाड्याचे सुमारे ७५१ कोटी रुपये निघाले. तेव्हापासून 'अनुशेष' हा शब्द आपल्याकडे बांधावरच्या शेतकऱ्याच्याही तोंडी बसला. परंतु ज्याची मोजणी कोणत्याही समितीने केली नाही आणि ज्याची मागणी कोणत्याही मोर्चाने केली नाही, असाही एक अनुशेष आहे. तो डोळ्यांचा, म्हणजे अभिरुचीचा अनुशेष होय.

नांदेडला किंवा लातूरला चित्रप्रदर्शन भरते ते बहुधा एखाद्या शाळेच्या वर्गात, मंगल कार्यालयात नाही तर नाट्यगृहाच्या दालनात. मुदत दोन किंवा तीन दिवसांची. उद्घाटनाला पुढारी येतात, फीत कापली जाते, छायाचित्रे निघतात आणि पाहुण्यांच्या गाड्या निघून गेल्या की चित्रकार आणि त्याची चित्रे एकमेकांकडे पाहत बसतात. यावर दोन निकाल तयार असतात. मुंबई-पुण्याचे जाणकार म्हणतात, तिकडच्या लोकांना रुची नाही. आपले कार्यकर्ते म्हणतात, हे भरल्या पोटाचे चोचले आहेत. हे दोघे एकमेकांचे विरोधक वाटतात. वस्तुतः ते एकाच खाटेवर निजलेले आहेत. रुची ही काही लोकांना उपजत लाभते व बाकीच्यांना लाभत नाही, हे दोघांनीही मनोमन मान्य केलेले आहे. पहिला त्याचा अभिमान बाळगतो, दुसरा त्याची फिकीर करीत नाही, एवढाच काय तो फरक.

हा समज खोटा तर आहेच, शिवाय तो हितसंबंधी आहे. अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्षी विद्यार्थ्याला घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम शिकवितात. पहिल्या आंब्याची गोडी पाचव्याला राहत नाही. पण ज्या आल्फ्रेड मार्शलने १८९० च्या आपल्या ग्रंथात हा नियम मांडला, त्यानेच लगोलग बजावून ठेवले की, चांगले संगीत माणूस जितके अधिक ऐकेल तितकी त्याची गोडी वाढत जाण्याचा संभव असतो. याचा अर्थ असा की, कलेच्या बाबतीत मागणी आधी आणि पुरवठा मागून हा क्रम चालत नाही. येथे पुरवठाच मागणीला जन्म देतो. ज्याने आयुष्यात दहा चांगली चित्रे समोर उभे राहून पाहिलेली नाहीत, त्याला अकरावे आवडले नाही म्हणून अरसिक ठरविणे म्हणजे शाळा न काढता गावाला निरक्षर म्हणून हिणविण्यासारखे आहे.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्दिय यांनी युरोपातील कलासंग्रहालयांच्या प्रेक्षकांची पाहणी करून १९६६ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. संग्रहालयात कोण जातो हे प्रामुख्याने शिक्षणावर अवलंबून असते, नुसता प्रवेश फुकट ठेवून ही दरी बुजत नाही, असे त्यांना आढळले. भुकेल्याला आपण भुकेले आहोत हे कळते. संस्कृतीच्या क्षेत्रात मात्र वंचना जितकी खोल तितकी तिची जाणीव कमी. म्हणूनच या अनुशेषासाठी मोर्चे निघत नाहीत.

मुंबईची अभिरुची तरी आभाळातून पडली काय? १८५७ मध्ये तेथे जे. जे. कलाशाळा निघाली, १८८८ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला. यांतले हुसेन सिनेमाचे फलक रंगवून पोट भरीत असत आणि आरा लोकांच्या घरी नोकरी करीत. कलेत श्रमिकाचे काय काम, असे विचारणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. त्यांच्या पाठीशी युरोपातून आलेले लायडन, लँगहॅमर आणि श्लेसिंगर हे जाणकार उभे राहिले. १९५२ मध्ये जहांगीर कलादालन उघडले. होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या खर्चातील एक टक्का रक्कम चित्रांसाठी वापरण्याची अनुमती पंडित नेहरूंकडून मिळविली आणि शास्त्रज्ञांच्या भिंतींवर तत्कालीन चित्रकारांचा मोठा संग्रह उभा राहिला. शाळा, संस्था, दालन, समीक्षक आणि सार्वजनिक पैसा यांतून शंभर वर्षांत जी रुची घडली, तीच आज उपजत म्हणून मिरविली जाते.

इतर प्रदेशांना संस्थानिकांनी हात दिला. कोल्हापूरची चित्रपरंपरा दरबारच्या आश्रयाने वाढली. औंधसारख्या लहानशा गावी पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये संग्रहालय बांधले. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. अजिंठ्याची भित्तिचित्रे जपण्यासाठी त्या सरकारने इटालीहून तज्ज्ञ आणविले, हे योग्यच झाले. परंतु त्या चित्रांच्या वारसांना रंगरेषा शिकविण्याची तशी तातडी ना तेव्हाच्या सरकारला वाटली, ना नंतरच्या. एकीकडे होट्टलची मंदिरे, निलंग्याचे नीळकंठेश्वर आणि खरोशाची लेणी, तर दुसरीकडे आजचा शाळकरी मुलगा, यांच्यामध्ये जो खड्डा पडला आहे तो निसर्गाने पाडलेला नाही.

आता बाजाराचा न्याय पाहा. हुसेन यांनी १९५४ मध्ये 'ग्रामयात्रा' नावाचे तेरा खंडांचे चित्र काढले. ते परदेशी गेले आणि अनेक वर्षे ओस्लोच्या रुग्णालयात राहिले. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला सुमारे ११८ कोटी रुपये किंमत आली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून जो आकडा झळकला त्याने चित्राला पुरते झाकून टाकले. त्या तेरा खंडांत काय आहे, याची विचारपूस किती जणांनी केली? बाजार अभिरुची घडवितो तो असा. प्रथम किंमत सांगतो आणि मग त्या किमतीपुढे मान तुकवायला शिकवितो. ज्या चित्राचे नावच ग्रामयात्रा, त्याच्या यात्रेत आपल्या देशातले गाव तेवढे लागले नाही.

परंतु याच हुसेन यांच्या आयुष्यात एक वेगळी ग्रामयात्राही घडली होती आणि तिचे श्रेय समाजवादी चळवळीला आहे. डॉ. राममनोहर लोहियांनी त्यांना सुचविले की, धनिकांच्या दिवाणखान्यांत टांगली जाणारी चित्रे पुष्कळ झाली. ज्या कथेवर या देशातील सामान्य माणूस शतकानुशतके पोसला गेला ते रामायण रंगवा. पंढरपुरात जन्मलेल्या या मुसलमान चित्रकाराने ते मनावर घेतले. हैदराबादला बद्रीविशाल पित्ती यांच्या आश्रयाने त्यांनी रामायणावर सुमारे दीडशे चित्रे काढली. ती बैलगाडीतून आसपासच्या खेड्यांत नेली आणि गावकऱ्यांनी ती आस्थेने पाहिली, असे हुसेन पुढे सांगत असत. १९५६ पर्यंत नांदेड त्याच हैदराबाद राज्यात होते. आपल्या इतक्या जवळ घडलेली ही गोष्ट आपल्या शिबिरांत का सांगितली जात नाही?

लोहियांची दृष्टी सोडल्याची किंमत देशाने मोजली. १९९६ मध्ये अहमदाबादेत हुसेन यांच्या कलाकृतींची नासधूस झाली, १९९८ मध्ये मुंबईतील त्यांच्या घरावर हल्ला झाला, २००६ मध्ये त्यांनी देश सोडला आणि २०११ मध्ये लंडनला त्यांचा अंत झाला. चित्र पाहण्याची सवय नसलेल्या समाजात चित्राविषयी काय वाटावे हे दुसराच कोणी ठरवितो. आज तो लिलावदार असतो, उद्या झुंडीचा म्होरक्या. दोघांनाही आंधळा समाजच हवा असतो.

यावर आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिकपणे येईल, की २०१६ च्या एप्रिलात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे चित्रांच्या गोष्टी कशाला? पाणी आधी, यात वाद नाही. पण पाणी आधी म्हणताना बाकी काहीच नाही, असा निर्णय गरिबाच्या वतीने आपण का घेतो? पोळ्याला बैल रंगविणाऱ्या, दारात रांगोळी रेखणाऱ्या, जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांतून गोधडीवर रंगांचा मेळ साधणाऱ्या माणसांना सौंदर्याची भूक नाही, असे कोण म्हणेल? किनवट-माहूरच्या तांड्यांवरील बंजारा स्त्रियांचे भरतकाम शहरातल्या दुकानात गेले की 'कला' होते, तांड्यावर असते तोवर मात्र ते नुसते नेसण्याचे कापड. रुची तांड्यावरही आहे. तिला नाव देण्याचा अधिकार मात्र तांड्यापाशी नाही. प्रश्न मालकीचा आहे आणि मालकीचा प्रश्न आपण सोडून द्यावयाचा तर समाजवादी म्हणवून कशाला घ्यावयाचे?

शिवाय डोळा रिकामा राहत नाही. नांदेड-लातूरच्या चौकांत बारा महिने, चोवीस तास एक विनामूल्य प्रदर्शन चालू असते. ते वाढदिवसाच्या फ्लेक्स फलकांचे. हात जोडलेला नेता, त्याच्यामागे सोनेरी किरणे, खाली पन्नास चेहऱ्यांची उतरंड. ज्यांच्या कुंचल्याला वळण होते ते पाटी रंगविणारे पेंटर या यंत्राने बेकार केले आणि सरंजामशाहीची चित्रलिपी मात्र घरोघर शिकविली. आपल्या पक्षाचे फलक याहून वेगळे दिसतात काय? समतेची घोषणा आणि उतरंडीचे चित्र एकाच कापडावर छापून आपण कोणाला फसवितो?

शाळेची कथाही निराळी नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना मुले बसतात, कारण दहावीच्या निकालात वाढीव गुण पडतात. ज्या लातूरने गुणांचा 'पॅटर्न' सर्व महाराष्ट्राला दिला, तेथे तर चित्रकलाही गुणपत्रिकेतील एक बेरीज होऊन बसते. गुण मिळाले की रंगपेटी माळ्यावर! २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीचे शंभरांहून अधिक विद्यार्थी असलेल्या शाळेला कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक सांगितलेला आहे. कलाशिक्षण हा मुलाचा हक्क कायद्याने मानला, पण ते देणारा शिक्षक अर्धवेळ ठेवला. या तरतुदीचे आपल्या तालुक्यात काय झाले, हे विचारणारा अर्ज आपल्यापैकी किती जणांनी केला आहे?

म्हणून मागण्या नेमक्या कराव्यात. महानगरपालिका अधिनियमाने संग्रहालये व कलादालने ही पालिकांच्या ऐच्छिक कामांत गणली आहेत. नांदेड आणि लातूरच्या महापालिकांनी वर्षभर उघडे राहील असे, भाडे न घेणारे दालन बसस्थानक किंवा बाजाराजवळ चालवावे. लातूरच्या गंजगोलाईत हमाल, शेतकरी आणि खरेदीला आलेल्या स्त्रिया रोज येतात. चित्रांनी त्यांच्या वाटेवर यावे. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचा संग्रह जनतेच्या पैशाचा आहे आणि तो सगळा एका वेळी भिंतींवर लागूच शकत नाही. त्यातील निवडक चित्रांची फिरती प्रदर्शने जिल्ह्याजिल्ह्यांत पाठविण्याची मागणी आपल्या लोकप्रतिनिधींनी विधिमंडळात आणि संसदेत लावून धरावी. १९६७ मध्ये आपल्या राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला आणि गावोगावच्या वाचनालयांना सरकारी अनुदानाचा आधार दिला. वाचनाला जे लागू, ते पाहण्याला का लागू नसावे?

आणि सरकारची वाट न पाहता करता येईल असे एक काम आपल्याच हाती आहे. येत्या निवडणुकीत एका तरी वॉर्डात फ्लेक्सचा खर्च बंद करून त्या पैशात गावातल्या बेकार पेंटरकडून भिंती रंगवून घ्याव्यात. त्यावर नेत्याचा चेहरा नको; त्या वस्तीतील माणसांचे काम, त्यांचे पाणी, त्यांचे सण असावेत. लोक थांबून पाहतील, नावे ठेवतील, आपसांत वाद घालतील. तो वाद सुरू झाला की अनुशेषाची पहिली रक्कम जमा झाली असे समजावे.