वर्णपट पाहणे आणि वर्णपट मोजणे

पुठ्ठ्याची पेटी, दाढीच्या दोन पात्यांमधली अरुंद फट आणि निकामी डीव्हीडीचा एक तुकडा एवढ्या सामग्रीवर वर्णपट दाखविणारे उपकरण वर्गात तयार करता येते, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकी बहुतेक विज्ञानशिक्षकांना ठाऊक आहे, आणि विज्ञानप्रदर्शनाच्या निमित्ताने अशा पेट्या अनेक शाळांतून तयारही होतात. परंतु प्रदर्शन आटोपले की त्या कपाटावर जातात, आणि पांढऱ्या प्रकाशात सात रंग असतात हे पाठ्यपुस्तकातले वाक्यच तेवढे विद्यार्थ्यांच्या पदरी उरते. याचे कारण आमच्या मते एवढेच की, त्या पेटीत मोजपट्टी नसते. केवळ रंग दाखविणारे उपकरणही पाहणाऱ्याला आनंद देते, आणि तो आनंद अव्हेरण्याजोगा मुळीच नाही. तथापि प्रकाश कोणत्या द्रव्यातून निघाला याची साक्ष रेषेचे स्थान देते, आणि ते स्थान अंकांत मांडल्यावाचून ती साक्ष दप्तरी दाखल होत नाही.

याचा मोठा दाखला सूर्याच्याच इतिहासात आहे. 18 ऑगस्ट 1868 रोजी खग्रास ग्रहणाची छाया दक्षिण हिंदुस्थानावरून गेली, तेव्हा गुंटूर येथे तळ दिलेल्या जान्सेन या फ्रेंच ज्योतिर्विदाने आणि अन्य ठिकाणच्या निरीक्षकांनी सूर्यबिंबाच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला व त्यात तेजस्वी रेषा नोंदविल्या. त्यांतल्या पिवळ्या रेषेला कित्येकांनी सोडियमची रेषा मानले, आणि किर्खहोफ व बुन्सेन यांच्या संशोधनानंतर अवघ्या आठ-नऊ वर्षांत असे मानले जाणे स्वाभाविकही होते. पुढे ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये, ग्रहणाची वाट न पाहता, सूर्याच्या कडेचा वर्णपट मिळविणाऱ्या नॉर्मन लॉकियर याने त्या रेषेचे स्थान ताडून पाहिले, तेव्हा ती सोडियमच्या जोडरेषेशी जुळेना. सोडियमच्या रेषा 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरवर, आणि ही नवी रेषा 587.6 वर, डोळ्याला दोन्ही सारख्याच पिवळ्या. त्या दीड नॅनोमीटरच्या तफावतीतून हेलियमची कल्पना निघाली, आणि 1895 साली रॅम्झे याने ते मूलद्रव्य पृथ्वीवरील खनिजातून वेगळे काढून दाखविले.

विजयदुर्गाच्या किल्ल्यावरून लॉकियरने हेलियम शोधला, ही आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगितली जाणारी गोष्ट वर्गात सांगताना येथे दुरुस्ती करावी लागते: 1868 साली तो इंग्लंडात होता, विजयदुर्गास आला तो 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी. या दुरुस्तीने आपल्या प्रांताचे काही उणे होत नाही. त्याच ग्रहणात पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील प्राध्यापक नायगमवाला यांनी जेऊर येथे निरीक्षणे करून त्यांचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला, आणि तो वारसा आमच्या मते अधिक अनुकरणीय आहे.

आता पेटीकडे वळू. सीडीवरील चाकोऱ्यांमध्ये 1.6 मायक्रोमीटर आणि डीव्हीडीवरील चाकोऱ्यांमध्ये 0.74 मायक्रोमीटर अंतर असते, म्हणून विवर्तन जालक या नात्याने डीव्हीडीच सरस ठरते: फटीतून सरळ येणारा 546 नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश सीडी सुमारे 20 अंशांतून वळविते, तर डीव्हीडी सुमारे 48 अंशांतून, आणि दृश्य प्रकाशाचा दुसरा क्रम डीव्हीडीत तयारच होत नसल्यामुळे एका वर्णपटावर दुसऱ्याची छाया पडत नाही. डीव्हीडीचे दोन थर कडेने उकलून पारदर्शक थर वापरावा, त्यावरील रंगद्रव्य स्पिरिटने पुसून काढावे, आणि चाकोऱ्या फटीला समांतर राहतील अशी तजवीज करावी. या शेवटच्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने पुष्कळ पेट्यांतील रेषा तिरप्या व धूसर दिसतात. फट जितकी अरुंद तितकी रेषा रेखीव. जालकापासून 20 सेंटिमीटरवरील फट अर्धा मिलिमीटर रुंद असेल, तर तिची प्रतिमाच जवळजवळ दोन नॅनोमीटर व्यापते, आणि अशा पेटीने हेलियम व सोडियम यांच्या रेषा वेगळ्या ओळखता येणार नाहीत. ही मर्यादा विद्यार्थ्यांनी स्वतः हिशेब करून काढावी, अशी आमची आग्रहाची शिफारस आहे, कारण आपले उपकरण काय सांगू शकत नाही हे ज्याला कळले, त्याच्या नोंदीवर विसंबता येते.

मोजपट्टीसाठी सीएफएल दिवा उत्तम. त्यातील पाऱ्याची निळी रेषा 435.8 वर आणि हिरवी 546.1 वर असते, व युरोपियमयुक्त लेपाची तांबडी रेषा 611 च्या आसपास. मात्र हिरव्या रेषेला अगदी लागूनच टर्बियमचा प्रकाश असतो. फट रुंद असल्यास दोन्ही एकरूप होतात आणि मोजणी एक-दोन नॅनोमीटरने चुकते. या स्थानांवरून आलेखपत्रावर वक्ररेषा काढावी, आणि मग मिठाच्या पाण्यात बुडविलेली तार स्पिरिटच्या ज्योतीत धरून येणारी पिवळी रेषा तिच्यावरून वाचावी. उत्तर 589 च्या जवळ आले, तर पेटी मोजमापास पात्र झाली, असे समजावे. मोबाइलच्या कॅमेऱ्याने छायाचित्र घेतल्यास रेषांच्या स्थानांवर भरवसा ठेवावा, त्यांच्या उजळपणावर मात्र सहसा ठेवू नये, कारण कॅमेरा प्रकाशाचे प्रमाण स्वतःच्या मर्जीने कमी-अधिक करीत असतो. सूर्याकडे पेटी कदापि रोखू नये. उजळ ढगाच्या किंवा उन्हातल्या पांढऱ्या कागदाच्या प्रकाशातही, फट पुरेशी बारीक असल्यास, फ्राउनहोफरच्या काही काळ्या रेषा दिसतात.

शेवटी एक तातडीची सूचना. बाजारात आता एलईडी दिव्यांचाच अंमल आहे, आणि पांढऱ्या एलईडीच्या वर्णपटात 450 च्या सुमाराचा निळा उंचवटा व त्यापुढचा पसरट पट्टा एवढेच असते. तीक्ष्ण रेषा नसल्याने मोजपट्टी बसविण्यास तो दिवा निरुपयोगी. म्हणून प्रत्येक शाळेने एक चालू सीएफएल दिवा किंवा जुनी ट्यूबलाइट प्रयोगशाळेच्या नोंदवहीत दाखल करून घ्यावी आणि ती फुटणार नाही अशी जपून ठेवावी, कारण तिच्यात पारा असतो. आपल्या पेटीचा मोजणीचा तक्ता, फटीची रुंदी आणि सोडियमसाठी मिळालेला अंक आमच्याकडे धाडावा. निवडक तक्ते आम्ही पुढील अंकांतून छापू.