नाव पाहून कॉलेज निवडू नये

सीमाभागातील एका मातेने आम्हांस लिहिले आहे: कन्या बारावी उत्तीर्ण झाली असून आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय शिकण्याचा तिने ध्यास घेतला आहे. दूरच्या शहरातील एका खाजगी कॉलेजात त्या नावाची पदवी मिळते. परंतु फी भरावयाची तर शेत गहाण टाकावे लागेल. काय करावे?

भगिनी, कन्येस नाउमेद करू नका. राष्ट्राराष्ट्रांत सलोखा राखण्याचे कार्य ख्रिस्तसभेस परके नाही. पोप तेविसावे जॉन हे शेतकऱ्याचे पुत्र. पोपपदी येण्यापूर्वी बल्गेरिया, तुर्कस्तान व फ्रान्स या देशांत त्यांनी पोपमहाशयांचे प्रतिनिधी म्हणून सेवा केली आणि 1963 साली जागतिक शांतीविषयी आपले सुप्रसिद्ध परिपत्रक प्रसृत केले.

तथापि शेत गहाण टाकण्याची घाई नको. भारतीय परराष्ट्र सेवेसाठी संघ लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा द्यावी लागते, आणि तिला कोणत्याही विषयाची मान्य पदवी चालते. म्हणून प्रथम जवळच्या चांगल्या कॉलेजात राज्यशास्त्र, इतिहास किंवा अर्थशास्त्र घेऊन बी. ए. करावे, हा मार्ग कमी प्रतीचा मुळीच नव्हे. या विषयाचे विशेष अध्ययन पुढे एम. ए. ला करता येते. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील आंतरराष्ट्रीय अध्ययन संस्था 1955 साली स्थापन झाली व 1970 साली त्या विद्यापीठात विलीन झाली. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातील विभाग 1956 सालचा आहे. दोन्ही सरकारी विद्यापीठे होत. तेथे फीपेक्षा गुणांची कसोटी मोठी.

कॉलेज पाहावयास जाल तेव्हा इमारतीवर भुलू नका. पदवीस विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे काय? प्राध्यापक कायमचे आहेत काय? ग्रंथालयात विद्यार्थी बसलेले दिसतात काय? एखादी परकी भाषा शिकविली जाते काय? वसतिगृह, भोजन व प्रवास धरून तिन्ही वर्षांचा खर्च किती? ही उत्तरे कागदावर लिहून घ्या आणि मगच घरात विचारविनिमय करा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. शेत वाचले म्हणजे कन्येचे शिक्षण आटोपले, असा अर्थ कोणी काढू नये. मुलगा असता तर आपण काय केले असते, हे कुटुंबप्रमुखाने सायंप्रार्थनेनंतर स्वतःस विचारावे. कर्जाचे ओझे तिच्या माथी नको, आणि तिच्या पायांत बेडीही नको.