गाडी गेली, नाव राहिले

आमच्या बाळकुमला गाडी चालवण्यापेक्षा ती उभी करणे अवघड, हे ठाणेकर वाचकांना सांगायला नको. नाक्यावरून कशेळीच्या पुलाकडे लागलेली ट्रकांची रांग, अलीकडे कापूरबावडीची कोंडी आणि इमारतीखाली नंबर घालून दिलेली एकच जागा! तेव्हा चिरंजिवांनी नवी गाडी घ्यायचे ठरवले, त्याच दिवशी अण्णांच्या जुन्या वॅगनआरचा या घरातला दाणापाणी संपला.

अण्णा म्हणजे आमचे वडील. बारा वर्षांपूर्वी निवृत्तीच्या पैशातून त्यांनी ही गाडी घेतली. दर दसऱ्याला तिला झेंडूची माळ त्यांच्याच हातची. ती विकायची म्हटल्यावर ते दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहाचा कप खाली ठेवीत म्हणाले, "विका. पण त्यात एवढा विचार कसला करता? मी १९८६ साली स्कूटर विकली ती अर्ध्या कप चहात!"

ते खरेही होते. त्या काळी नव्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे, त्यामुळे जुनीलाही गिऱ्हाईक दारात उभे असे. घेणारा कचेरीतला, नाहीतर शेजारच्या आळीतला. त्याचे बिऱ्हाड माहीत, त्याच्या सासऱ्याचे गाव माहीत. नोटा मोजल्या, किल्ली दिली, कागदावर सही केली, संपले.

आता गिऱ्हाईक मोबाइलमधून येते. त्याचे घर माहीत नसते आणि सासऱ्याचे गाव तर नसतेच नसते. चिरंजिवांनी गाडीचे सहा फोटो काढले, 'एकहाती वापरलेली' असे लिहिले आणि किंमत घातली दोन लाख चाळीस हजार. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हापासून जुन्या गाडीचा भाव सांगताना विकणाऱ्याचा आवाज जरा खालीच असतो. पण जाहिरात झळकून दहा मिनिटे झाली नाहीत तोच फोन खणाणला.

पलीकडचे गृहस्थ लष्करात होते, निदान तसे ते सांगत होते. बदली पुण्याला झालेली, गाडी तातडीने हवी, पाहायला यायला सवड नाही, किंमत मान्य. घासाघीस नाही! गणवेशातला फोटो आणि ओळखपत्रही आले. अण्णा तर खूश. "जवान माणूस आहे, त्याच्याशी काय भाव करायचा!" मग गृहस्थांनी विश्वास बसावा म्हणून पाच रुपये पाठवले. ते आले. मागोमाग एक क्यूआर कोड आला. "काका, हा स्कॅन करा आणि पिन घाला, म्हणजे वीस हजार टोकन तुमच्या खात्यात जमा होईल."

मी चष्मा शोधू लागलो. तेवढ्यात सौ. स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. "अहो, दूधवाल्याला पैसे द्यायचे तेव्हा मी पाकीट उघडते. आपल्याला पैसे मिळायचे आहेत ना? मग आपले पाकीट उघडायचे कशाला?"

वाचकहो, यूपीआयचे सगळे शास्त्र या एका वाक्यात आले. ही सोय २०१६ साली सुरू झाली, तेव्हापासून तिचा नियम एकच आहे: पिन लागतो तो पैसे देताना. घेताना पिन घालायचा नसतो आणि स्कॅनही करायचे नसते. भाजीवालीच्या टोपलीपाशी कोड लावलेला असतो तो तिचा, आणि स्कॅन करतो आपण, कारण पैसे आपण देतो. सौ.ने हा हिशेब फोनवर ऐकवताच फौजी गृहस्थांची भाषा एकदम बदलली आणि फोन बंद झाला.

यात आपण भोळे म्हणून लाजण्याचे कारण नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीचे तेव्हाचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांची कन्या जुना सोफा विकायला निघाली होती. तिलाही प्रथम किरकोळ रक्कम आली, मग क्यूआर कोड आला, आणि दोन वेळा मिळून ३४,००० रुपये खात्यातून गेले. दुर्दैवाने कोणाचे असे झालेच, तर बँकेला कळवून लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा. पैसे पुढच्या खात्यातून आणखी पुढे जाण्यापूर्वी अडवता आले तर येतात. तिथे तासांना किंमत आहे.

दुसरे गिऱ्हाईक खरे निघाले. कल्याणचा तरुण, सोबत बायको आणि ओळखीचा मेकॅनिक. मुलाने त्याचा परवाना पाहिला, शेजारी बसून गाडी कोलशेतच्या रस्त्याने फिरवून आणली. दोन लाख पंचवीस हजारांवर सौदा ठरला. तरुण म्हणाला, "काका, संध्याकाळी रोख घेऊन येतो, गाडी लगेच नेतो."

अण्णांना रोख म्हटले की बरे वाटते. पण दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम एका व्यवहारात रोख घेणे प्राप्तिकर कायद्याने १ एप्रिल २०१७ पासून मना आहे. आणि दंड देणाऱ्याला नव्हे, घेणाऱ्याला, तोही घेतलेल्या रकमेइतका! शिवाय संध्याकाळी सातला हातात आलेल्या नोटा खऱ्या की खोट्या हे आपण कशाच्या आधारे सांगणार?

तेव्हा ठरले ते असे. टोकनचे दहा हजार यूपीआयने. यूपीआयने एका दिवसात साधारणपणे एका लाखापर्यंतच पाठवता येतात, म्हणून बाकीची रक्कम बँकेतून. दोन लाखांपासून पुढे आरटीजीएस चालते, ते डिसेंबर २०२० पासून रात्रंदिवस सुरू असते. तरीही आम्ही कामाचा दिवस आणि सकाळची वेळ धरली. काही अडलेच तर विचारायला खिडकीत माणूस असतो. 'पैसे पाठवले' असा मेसेज कोणालाही बनवता येतो, पडद्याचा फोटोही बनवता येतो. म्हणून आपले खाते आपण उघडून पाहावे. रक्कम जमा दिसली की मगच किल्लीला हात लावावा. डिमांड ड्राफ्ट दिला, तर ज्या बँकेचा आहे तिच्याकडून खात्री करून घ्यावी. छापलेला कागद तेवढा पुरेसा नाही.

आणखी एक अट मुलाने घातली. पैसे ज्याच्या नावावर गाडी होणार, त्याच्याच खात्यातून यावेत. तरुण म्हणाला, "माझा मित्र पाठवील, त्याच्याकडे माझे येणे आहे." मुलगा नम्रपणे नाही म्हणाला. कारण साधे आहे. ते पैसे कोणाची फसवणूक करून मिळवलेले असले आणि त्याने तक्रार केली, तर माग काढीत पोलीस आपल्या खात्याशी येतात आणि खाते गोठते. गाडी गेलेली, पैसे आलेले, पण काढता येत नाहीत! तरुण समजूतदार होता. मित्राकडून त्याने पैसे आधी आपल्या खात्यात मागवले.

इथवर सगळे सुरळीत झाले. अडले ते शेवटी. तरुण म्हणाला, "काका, फॉर्मवर फक्त सह्या करून द्या. बाकीचे मी नंतर भरीन. पुढेमागे विकायची झाली तर परस्पर नाव घालता येईल."

अण्णांनी पेन काढले. मला वाटले, ते सही करणार. पण पेन तसेच हातात धरून ते म्हणाले, "नाही. कोरा नको."

तरुण निघून गेल्यावर त्यांनी जे सांगितले, ते आम्ही त्या दिवसापर्यंत ऐकले नव्हते. अर्ध्या कप चहात विकलेली ती स्कूटर! सही झाली, पण घेणाऱ्याने नाव बदलले नाही आणि वर्षभरात ती तिसऱ्याला विकली. दोन वर्षांनी एक हवालदार कचेरीत आला. भिवंडीच्या वाटेवर त्या स्कूटरने एका म्हाताऱ्या माणसाला उडवले होते, चालवणारा पळाला होता, आणि कागदावर मालक अण्णा. तीन वेळा रजा काढून ते चौकीत जाऊन बसले. विकल्याची चिठ्ठीदेखील त्यांनी घेतलेली नव्हती. अखेर पहिल्या गिऱ्हाइकाने येऊन साक्ष दिली म्हणून निभावले. "तुझ्या आईलाही सांगितले नव्हते रे," अण्णा म्हणाले. "मी गाडी विकली होती. नाव विकायचे राहिले होते."

पैसे आले की व्यवहार संपला असे आपल्याला वाटते. कायद्याला तसे वाटत नाही. एका गृहस्थांनी २००७ साली मोटार विकली. पुढे ती एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी हात बदलत गेली, पण दप्तरी नाव पहिल्याचेच राहिले. २००९ साली त्या मोटारीच्या अपघातात एकाचा जीव गेला. भरपाई कोणी द्यायची, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला: नोंदणीत ज्याचे नाव, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. अपघात झालेल्या माणसाने किंवा त्याच्या घरच्यांनी खऱ्या मालकाच्या शोधात दारोदार हिंडावे, हे न्यायालयाला मान्य झाले नाही. त्यांच्या बाजूने पाहिले तर ते योग्यच म्हणायला हवे.

१० नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत लाल किल्ल्याजवळ एका मोटारीत भीषण स्फोट झाला, अनेकांचे प्राण गेले. मोटार हरियाणात नोंदलेली होती. पोलिसांनी नंबरावरून माग काढला, तो आधी पोहोचला तिचा नोंदलेला मालक असलेल्या माणसाकडे. त्याने ती केव्हाच विकून टाकली होती! त्या माणसाच्या घरची रात्र कशी गेली असेल, याचा विचार अण्णांनी केला होता. आम्ही केला नव्हता.

म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा बैठक झाली. फॉर्म २९ म्हणजे गाडी विकल्याची सूचना आणि फॉर्म ३० म्हणजे नाव बदलण्याचा अर्ज. दोन्हीवर घेणाऱ्याचे नाव, पत्ता, तारीख आमच्यासमोर भरले, मगच सह्या. मोटार वाहन कायदा, १९८८ सांगतो की एकाच राज्यातला व्यवहार असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करावा. आपले १४ दिवस हे आपले काम आहे, ते 'तो करील' म्हणून सोडू नये. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हे आधी. आमच्यावर ते संकट नव्हते.

मग एका साध्या कागदावर ताबापावती केली: गाडी अमुक तारखेला, सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी, अमुक किलोमीटर झालेली असताना सोपवली, यापुढचे दंड आणि दायित्व घेणाऱ्याचे. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. वेळ घालायची ती मुद्दाम, कारण दुपारी बारा वाजता कोणी सिग्नल तोडला तर ई-चलान येते ते नोंदलेल्या मोबाइलवर. जुनी चलाने आम्ही आधीच भरली. फास्टॅग बंद केला आणि काचेवरून खरवडून काढला. मुंबईच्या वेशीवरचा टोल ऑक्टोबर २०२४ पासून लहान गाड्यांना माफ असला, तरी पुण्याला जाताना तो आहेच, आणि तो आपल्या खात्यातून जायला नको.

विम्याची गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. विमा नव्या मालकाच्या नावावर करण्यासाठी त्याने १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा असतो. पण वर्षानुवर्षे दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत गाडीची नसते, माणसाची असते. ती ५० टक्क्यांपर्यंत पोहोचते. तिचा दाखला मागून घेतला की नव्या गाडीच्या विम्यात चालतो. अण्णांनी बारा वर्षे गाडीला ओरखडा पडू दिला नव्हता. पण नवी गाडी चिरंजिवांच्या नावावर व्हायची होती, आणि दाखला तर अण्णांच्या नावाचा. तेव्हा मुलगाच म्हणाला, "गाडी अण्णांच्याच नावावर घेऊ."

एवढे कागद पाहून आपण त्या तरुणावर संशय घेतोय असे वाटेल, म्हणून मी थोडा संकोचलो होतो. पण त्याची बायकोच म्हणाली, "बरे झाले काका. पावती आमच्याकडेही राहील. गाडी चोरीची नाही हे आम्हाला तरी कसे कळणार होते?" सौ.ने दोघांना चिवडा दिला. ओळख नसलेल्या माणसांत ओळखीचे काम कागद करतो. त्यात अपमान कोणाचाच नाही.

काही आठवड्यांनी नव्या नोंदणीपत्राची प्रत मोबाइलवर आली. अण्णांनी चष्मा लावून त्यावरचे नाव दोनदा वाचले, मुलाकडून छापून घेतले आणि ताबापावतीबरोबर ट्रंकेत ठेवले.

परवा कंदिलाचा कागद आणायला आम्ही कापूरबावडीपर्यंत चालत गेलो होतो. सिग्नलला तीच वॅगनआर उभी. नवे सीट-कव्हर, मागच्या काचेवर लहान मुलाचा हात. मी म्हटले, "अण्णा, आपली गाडी!"

"त्यांची," अण्णा म्हणाले, आणि सिग्नल सुटेपर्यंत तिच्याकडे पाहत राहिले.